वाचकांचे प्रश्न : हंगामी मार्केटिंग प्रमुख नेमताना

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच अडचणीविषयी होती : मार्केटिंगचा प्रमुख नोकरी सोडून गेला आहे किंवा काही महिन्यांसाठी रजेवर जाणार आहे, आणि मधला काळ कोणी सांभाळायचा हे ठरत नाही. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि कंपनीची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचा औद्योगिक व्हॉल्व्ह बनवण्याचा कारखाना आहे. वार्षिक उलाढाल ४० कोटींच्या आसपास असून साखर कारखाने, रसायन उद्योग आणि पाणीपुरवठा योजनांचे ठेकेदार हे आमचे मुख्य ग्राहक आहेत. नऊ वर्षे आमच्याकडे असलेले मार्केटिंग मॅनेजर मार्चअखेरीस नोकरी सोडून गेले. विभागात पाच जण आहेत, पण त्यांतील कोणी प्रमुख होईल असे वाटत नाही. नवा माणूस मिळेपर्यंत सहा महिने तरी जातील. एका स्नेह्यांनी मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सुचवले आहेत. ते आठवड्यातून तीन दिवस येण्याचे महिना २ लाख २५ हजार रुपये अधिक जीएसटी मागतात. जुन्या मॅनेजरांना वर्षाला १८ लाख पडत होते. उत्पादन पाहणारे माझे धाकटे बंधू म्हणतात की, एवढे पैसे द्यायचेच तर सहा महिन्यांत विक्री दीडपट करून दाखवण्याची अट घालावी. आपला सल्ला काय?

उत्तर : पैशांचा हिशेब आधी मांडू, कारण आपले मन तेथे अडकलेले दिसते. जुन्या मॅनेजरांचे महिन्याला दीड लाख होत होते. २६ दिवसांनी भागले तर दिवसाला ५,८०० रुपयांच्या आत. नव्या गृहस्थांचे महिन्याचे साधारण १३ दिवस धरले तर दिवसाला १७,३०० रुपये. म्हणजे दर जवळजवळ तिप्पट. परंतु हा हिशेब मुळातच चुकीच्या फुटपट्टीने केलेला आहे. पगारी मॅनेजरांकडून आपण हजेरी, सातत्य आणि रोजचे काम घेत होता. या गृहस्थांकडून आपण निर्णय विकत घेणार आहात. घेण्यासारखे निर्णय आपल्याकडे पडून असतील तर सहा महिन्यांचे साडेतेरा लाख मला जास्त वाटत नाहीत. तसे निर्णय नसतील, आणि त्या तीन दिवसांत केवळ रजेचे अर्ज मंजूर करणे, प्रवासखर्चाच्या व्हाउचरवर सही करणे आणि कोटेशनवर शेवटची नजर टाकणे एवढेच होणार असेल, तर पाच जणांतील सर्वांत जुन्या माणसाला लेखी पत्र आणि थोडा भत्ता देऊन प्रभारी नेमा. प्रभारी आणि हंगामी प्रमुख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रभारी माणूस गाडी चालू ठेवतो. हंगामी प्रमुख गाडी कोठे न्यायची यावरही बोलतो, आणि त्याचेच पैसे घेतो.

आता आपल्या बंधूंची अट. उत्पादन पाहणाऱ्या माणसाला आकड्यात बोलायची सवय असते, हे मी समजू शकतो. पण ही अट घालू नका. किराणा मालाची जाहिरात केली आणि पुढच्या आठवड्यात खप वाढला, असे आपल्या धंद्यात होत नाही. नव्या रसायन कारखान्यात आपला व्हॉल्व्ह बसायचा तर आधी पुरवठादार म्हणून नोंदणी, मग ड्रॉइंगची मंजुरी, मग नमुना, कधी त्रयस्थ संस्थेची तपासणी, मग छोटी चाचणी ऑर्डर, आणि ती नीट गेली तर पुढच्या वर्षीच्या खरेदीत नाव. ही साखळी सहा महिन्यांत क्वचितच पूर्ण होते. म्हणजे या गृहस्थांच्या काळात जी विक्री दिसेल ती बहुतांशी आधीच्या मॅनेजरांनी पेरलेली असेल, आणि हे जे पेरतील ते त्यांच्या जाण्यानंतर उगवेल. विक्रीची अट घातली की शहाणा माणूस एकच करील : जुन्या ग्राहकांना सवलत देऊन पुढच्या तिमाहीची ऑर्डर या तिमाहीत ओढून आणील. आकडा दिसेल, मार्जिन जाईल, आणि नव्या प्रमुखाच्या वाट्याला रिकामी तिमाही येईल.

मग मोजायचे काय? इन्क्वायरी आल्यापासून कोटेशन बाहेर पडेपर्यंत आज किती दिवस लागतात ते पहिल्या आठवड्यात मोजून ठेवा आणि चौथ्या महिन्यात पुन्हा मोजा. गेल्या वर्षभरात दिलेल्या कोटेशनपैकी कितींचा पाठपुरावा झाला, किती गमावली आणि का गमावली, हे आज कोणाला सांगता येते का ते पहा. किती नव्या कारखान्यांत नोंदणीचे कागद दाखल झाले ते मोजा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कायमच्या प्रमुखासाठी कामाचे स्वरूप या गृहस्थांकडून लिहून घ्या आणि उमेदवारांच्या मुलाखतींना त्यांना बसवा. तीन महिने आत काम केलेल्या माणसाला आपल्याला कसा माणूस हवा हे आपल्यापेक्षा अधिक कळलेले असते. मात्र कायमच्या पदासाठी ते स्वतः उमेदवार नाहीत, हे करारातच लिहा. ही वाट उघडी राहिली तर त्यांचा अर्धा वेळ स्वतःची जागा पक्की करण्यात जाईल आणि चांगला उमेदवार त्यांच्या नजरेत कधीच भरणार नाही.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट घाईची आहे. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम महाराष्ट्रात साधारण मार्च-एप्रिलमध्ये आटोपतो आणि त्यानंतर पावसाळाभर ओव्हरहॉलिंग चालते. व्हॉल्व्ह बदलण्याचे, दुरुस्तीचे, सुट्या भागांचे खरेदीचे निर्णय याच काळात होतात. ऑक्टोबरनंतर बॉयलर पेटला की कारखान्यातील अभियंत्याला आपला फोन घ्यायलाही सवड नसते. म्हणजे आपले मॅनेजर नेमके खरेदीच्या तोंडावर गेले आहेत. साखरेच्या ग्राहकांसाठी हंगामी प्रमुखाची वाट पाहू नका. ते काम आज विभागातील ज्याला कारखान्यांच्या इंजिनिअरांची नावे पाठ आहेत त्याच्याकडे सोपवा. नव्या गृहस्थांनी रसायन आणि पाणीपुरवठ्याच्या बाजूने सुरुवात करावी.

चार्ज घेण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. काही वर्षांपूर्वी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील एका कारखान्यात मी पाच महिन्यांसाठी मार्केटिंगचा चार्ज घेतला. आधीचे मॅनेजर आठवड्यापूर्वीच गेले होते. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात रबर लावून बांधलेल्या व्हिजिटिंग कार्डांच्या अकरा गड्ड्या होत्या. प्रत्येक गड्डीवर प्रदर्शनाचे नाव आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी. काही गड्ड्यांचे रबर वितळून कार्डांना चिकटले होते, म्हणजे त्या कधी सोडल्याच गेल्या नव्हत्या. मी दोन मुलांना बसवून ती सगळी कार्डे संगणकात चढवायला लावली आणि पहिल्या पंधरवड्यात मोठे काम केल्याच्या समाधानात राहिलो. तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी कंपनीची वेबसाइट बंद पडली, आणि तासाभरात सगळ्यांचे ईमेलही. कोणी म्हणाले इंटरनेटवाल्याचा दोष, कोणी म्हणाले सर्व्हरचा. दुपारी लक्षात आले की डोमेनचे नाव, म्हणजे वेबसाइटचा आणि ईमेलचा पत्ता, आधीच्या मॅनेजरांनी स्वतःच्या खासगी ईमेलवरून नोंदवले होते, नूतनीकरणाच्या सूचना तेथे जात होत्या, आणि मुदत संपून गेली होती. त्यांना फोन करून, पासवर्ड मिळवून, पैसे भरून सगळे सुरळीत व्हायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत किती इन्क्वायऱ्या परत गेल्या ते कोणालाच कळले नाही. मॅनेजरांनी काही लपवले नव्हते; त्यांना कोणी विचारलेच नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. कार्डांच्या गड्ड्या डोळ्यांना दिसल्या म्हणून त्यांच्यामागे लागलो, आणि न दिसणारे राहिले.

तेव्हा आपल्या जुन्या मॅनेजरांशी संबंध चांगले असतील तर याच आठवड्यात त्यांना अर्धा दिवस बोलवा. त्या वेळेचे पैसे देऊ करा, संकोच नको. डोमेन, वेबसाइट, गुगलवरील कंपनीची नोंद, लिंक्डइनचे पान, इंडियामार्टचे खाते, जाहिरातींची खाती, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा क्रमांक, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरील लॉगिन : प्रत्येक गोष्ट कोणाच्या ईमेलवर आणि कोणाच्या मोबाइलवर आहे ते लिहून घ्या आणि कंपनीच्या नावावर आणा. व्हॉट्सअ‍ॅपचा क्रमांक मॅनेजरांच्या स्वतःच्या सिमवर निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. लहान कारखान्यांत सर्रास तसेच असते.

शेवटचा मुद्दा अधिकाराचा, आणि तो आपल्याला थोडा बोचेल. आपल्या पत्रात धाकट्या बंधूंचे मत चार ओळींत आले आहे. या गृहस्थांनाही ते पहिल्याच दिवशी ऐकू येईल. हे गृहस्थ कोणाला जबाबदार, हे एकाच नावाने ठरवा. किती टक्क्यांपर्यंत सवलत ते स्वतः देऊ शकतात, किती रुपयांपर्यंतचा खर्च विचारल्याविना करू शकतात, एजन्सी बदलू शकतात का, एखाद्याचे काम बदलू शकतात का, हे एका पानावर लिहून विभागातील पाचही जणांसमोर आपण स्वतः वाचून दाखवा. हंगामी माणसाला लोक जोखत असतात. मालकाने एकदा जरी त्याचा शब्द परस्पर फिरवला की पुढचे पाच महिने लोक थेट मालकाच्या केबिनमध्ये जातात. मुदतीची शेवटची तारीखही त्याच पानावर असू द्या, आणि त्याआधीचे तीन आठवडे फक्त चार्ज देण्यासाठी राखून ठेवा.

प्रश्न : मी कोल्हापूर येथील एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, लेखा विभाग पाहते. आमच्या संचालकांनी सहा महिन्यांसाठी मार्केटिंग प्रमुख म्हणून बाहेरच्या एका सल्लागारांना घ्यायचे ठरवले आहे. करार मला तयार करायला सांगितला आहे. बिल, टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) याशिवाय आणखी कोणत्या गोष्टी पहाव्यात? ते आमच्या स्पर्धकाकडे जाऊ नयेत अशी अट टाकण्यास संचालकांनी आवर्जून सांगितले आहे.

उत्तर : बिलाचे आधी उरकू. सल्लागार म्हणून घेतल्यास व्यावसायिक शुल्कावर १० टक्के टीडीएस कापायचा आणि ते जीएसटी नोंदणीकृत असल्यास १८ टक्के जीएसटी द्यायचा. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ शुल्कावरच कापायचा. समजा शुल्क २ लाख असेल तर ३६ हजार जीएसटी वाढेल, २० हजार टीडीएस कमी होईल आणि हाती २ लाख १६ हजार जातील; जीएसटीची वजावट आपल्याला नियमाप्रमाणे मिळेल. मात्र रोज ठरलेल्या वेळेला येणारा, हजेरी लावणारा, रजेसाठी अर्ज करणारा आणि फक्त आपल्याचकडे काम करणारा माणूस कागदोपत्री सल्लागार दाखवू नका. तो नोकर ठरू शकतो, आणि मग भविष्यनिर्वाह निधीपासून सगळे प्रश्न उभे राहतात. पूर्ण वेळ माणूस हवा असेल तर ठरावीक मुदतीची नेमणूक सरळपणे करा. अशा कर्मचाऱ्याला कायम कर्मचाऱ्याच्या बरोबरीचे लाभ द्यावे लागतात, एवढे ध्यानात ठेवून.

त्यांची उद्यम नोंदणी आहे का, हे अवश्य विचारा. अनेक सल्लागारांची सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी असते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदत उलटून वर्षअखेरीस थकीत राहिलेली अशी रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही. फौंड्रीला स्वतःचे पैसे ९० दिवसांनी मिळतात ही व्यथा मला ठाऊक आहे. कायदा ती ऐकून घेत नाही.

आता ज्या कलमाकडे बहुतेक करारांत दुर्लक्ष होते ते. आपल्या पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून तयार केलेला मजकूर, चित्र, कॅटलॉग यांचा पहिला हक्क, वेगळे काही ठरलेले नसेल तर, मालकाचा असतो; बाहेरच्या सल्लागाराने केलेल्या कामाला मात्र हे सहसा लागू होत नाही, त्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हा हक्क आपल्याकडे यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी हस्तांतरित व्हावा लागतो. त्यातही मेख अशी आहे की हस्तांतरणाची मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आपली फौंड्री निर्यात करत असेल तर जर्मन ग्राहकाला पाठवायच्या कॅटलॉगवर आपला हक्क आहे की नाही, हा वाद उद्या निघू शकतो. तेव्हा "संपूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी" हे शब्द करारात अक्षरशः घाला. सल्लागारांनी एखाद्या एजन्सीकडून किंवा छायाचित्रकाराकडून काम करून घेतले तर त्यांच्याकडूनही तसेच लिहून घ्यायची जबाबदारी सल्लागारांवर टाका.

स्पर्धकाकडे न जाण्याची अट कराराच्या काळापुरती घालता येते. करार संपल्यानंतर दोन वर्षे त्यांनी कोणत्याही फौंड्रीत काम करू नये, असे लिहिले तर ते कागदावरच राहील. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २७वे कलम उपजीविकेवर घातलेले असे बंधन निरर्थक मानते. संचालकांना हे नम्रपणे सांगा आणि त्याऐवजी गोपनीयतेचे कलम नेमके लिहा. "कंपनीची सर्व गोपनीय माहिती" असे ढोबळ न लिहिता ग्राहकनिहाय दर, कास्टिंगचा किलोमागील खर्च, पॅटर्नचे ड्रॉइंग, कोटेशनची फाइल, अशी नावे घ्या. करार संपताना सल्लागारांनी ही सगळी माहिती परत करायची आणि स्वतःच्या लॅपटॉपवरून काढून टाकायची, हेही लिहा. खरे संरक्षण मात्र करारात कमी आणि लॉगिनमध्ये अधिक असते : ज्या फाइलची त्यांना गरज नाही ती त्यांना उघडताच येऊ नये.

प्रश्न : नाशिक येथे आमची ऑटोमेशनची लहान कंपनी आहे, मनुष्यबळ ३५. आमच्या मार्केटिंग प्रमुख ताई प्रसूतीच्या रजेवर जात आहेत. त्यांच्या जागी सहा महिन्यांसाठी एक तरुण उमेदवार मिळाला आहे. तो चांगला निघाला तर त्यालाच कायम करून ताईंना नंतर हलके काम द्यावे, असा विचार आहे. त्यांनाही घरी वेळ देता येईल.

उत्तर : हा विचार आजच सोडा. पहिल्या दोन अपत्यांसाठी २०१७ च्या दुरुस्तीपासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा हा हक्क आहे, आणि आता लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. या रजेच्या काळात कामावरून काढणे किंवा नोकरीच्या अटी त्या स्त्रीच्या तोट्याच्या होतील अशा बदलणे बेकायदेशीर आहे. परत आल्यावर "हलके काम" हा तोट्याचाच बदल आहे, मग तो कितीही मायेने केलेला असो. त्यांना घरी वेळ हवा असेल तर ते त्या सांगतील. आपण त्यांच्या वतीने ठरवू नये.

भोसरीच्या वाचकांना मी निर्णय घेणारा माणूस सुचवला. आपल्याला नेमका उलटा सल्ला देतो. येथे हंगामी माणूस राखणदार आहे. ताईंनी आखलेली वर्षाची योजना त्याने पुढे न्यावी. एजन्सी बदलणे, वेबसाइट नव्याने करणे, विभागाची फेररचना असली कामे त्याच्या कक्षेबाहेर ठेवा. नेमणूक २६ नव्हे तर ३० आठवड्यांची करा : रजा सुरू होण्याआधी दोन आठवडे आणि त्या परत आल्यावर दोन आठवडे, दोघेही कार्यालयात असतील. आधीचे दोन आठवडे मात्र थोडे आणखी अलीकडे ओढा, बाळे कॅलेंडर पाहून येत नाहीत. रजेत त्यांना रोज फोन करणे टाळा. तरुणालाही पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की ही जागा रिकामी होणारी नाही. आशेवर ठेवलेला माणूस ताईंच्या प्रत्येक जुन्या निर्णयात चूक शोधू लागतो, आणि मग दोष त्याचा नसतो.

प्रश्न : मी वाळूज येथील एका कंपनीत मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह आहे. चार महिन्यांसाठी आलेले आमचे हंगामी साहेब दर शुक्रवारी प्रत्येक इन्क्वायरीचा लेखी अहवाल मागतात. पूर्वी असे काही नव्हते. जुने सहकारी म्हणतात, नव्याचे नऊ दिवस, ते जातील आणि सगळे पूर्ववत होईल. मी काय करावे?

उत्तर : अहवाल लिहा. आपले सहकारी म्हणतात ते अर्धे खरे आहे. साहेब जातील, पण नवे प्रमुख येतील आणि त्यांना पहिल्या दिवशी विभागाची काहीच माहिती नसेल. चार महिन्यांच्या शुक्रवारचे सोळा-सतरा अहवाल ज्याच्याकडे व्यवस्थित असतील त्यालाच ते आधी बोलावतील. शिवाय साहेबांना आजच विचारून ठेवा की जाताना ते चार्ज देण्याची जी वही तयार करतील ती लिहायला आपण बसलो तर चालेल का. बहुधा ते आनंदाने हो म्हणतील, कारण हे काम करायला सहसा कोणी पुढे येत नाही. कोणत्या ग्राहकाचे कोटेशन कोठे अडले आहे, कोणत्या डीलरला कोणता शब्द दिला आहे, कोणाचे बिल कोणत्या कारणाने थांबले आहे, हे सगळे त्या वहीत आपल्या हस्ताक्षरात असेल. अहवालाला वेळ फार जात असेल तर नमुना साहेबांकडूनच ठरवून घ्या : ग्राहक, मागणी, कोटेशनची तारीख, पुढचा फोन कधी. चार रकाने, एका इन्क्वायरीला एक ओळ. गुरुवारी संध्याकाळी अर्ध्या तासात होईल.